वळून बघणारी माणसं

"बाबा, हे काय किंचाळतंय?"

सिग्नलपाशी गाडी थांबता थांबता मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. कानसेनांनी आरशात पाहिलं, मग खिडकीबाहेर. पदपथावरचा किल्लीवाला मान वळवून बघत होता. त्यांनी नेहमीसारखा त्याला हात केला.

"कोण किंचाळतंय?"

"ब्रेक! अख्खा रस्ता बघतोय आपल्याकडे."

"ओळखीचे आहेत गं. रोजचं जाणंयेणं."

पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक लागला तेव्हा मुलगी रस्त्याकडे नाही, बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"तुम्हांला ऐकूच येत नाहीये."

"येतंय की. दुरुस्त करायचाच आहे तो. राहून जातंय."

"पुढच्या रविवारी असाच वाजला तर गाडी विकून टाकू. मी टॅक्सीने येत जाईन."

कानसेन हे काही त्यांचं नाव नव्हे. बसडेपोत एकतीस वर्षं ते ब्रेकच्या कामावर होते. बस फाटकातून आत येत असतानाच, हातातल्या कामावरून नजर न उचलता ते सांगत, "मागचं डावं." चाक खोललं की तेच निघायचं. तेव्हापासून सगळा डेपो त्यांना कानसेन म्हणू लागला. माणसांचं बोलणं त्यांना अजून कळत होतं, ट्रकचा भोंगाही कळत होता. बारीक, टोकदार आवाज तेवढे गेले होते. कधी गेले ते कळलं नव्हतं. जाताना ते काही सांगून गेले नव्हते.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दर रविवारी परगावाहून यायची आणि ते तिला आणायला स्टेशनवर जायचे. स्टेशन ते घर वीस मिनिटं. घरात पाऊल टाकलं की ती फ्रिज, औषधं, जळमटं यांच्या मागे लागायची आणि चार वाजता परत निघायची. बोलणं व्हायचं ते त्या वीस मिनिटांतच. टॅक्सी आली की तेही गेलं.

शनिवारी सकाळी त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक चढवला. पूर्वी कुठलं चाक ते कानाने ठरायचं. आता पुढची दोन्ही काढली. उजवीकडे सगळं ठीक होतं. डावीकडची, ब्रेक सरकवणारी पिन गंजून अडकली होती आणि एक पॅड सारखा चाकामागच्या डिस्कला घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पॅड सपाट पॉलिशपेपरवर गोल गोल घासायचा, चकाकी जाईपर्यंत. कडा कानशीने किंचित उतरवायची. ब्रेकचं ग्रीस पिनेला आणि पॅडच्या पाठीला, तेही पातळ. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला कणभरसुद्धा लागू द्यायचं नाही. हे त्यांनी डेपोतल्या कित्येकांना दटावून शिकवलं होतं. आज दटावायला कोणी नव्हतं, तरी त्यांनी बोटं दोनदा पुसली.

"काय कानसेन, पोट फाडलंत की हो गाडीचं!" पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून शेजारचे मास्तर ओरडले.

"ब्रेक वाजतोय जरा."

"आज कळलं? दहा-बारा दिवस झाले! तुम्ही आलात की आमची सूनबाई खिडकी लावून घेते. मी आपलं कानातलं मशीन काढून ठेवतो. तेवढीच सोय म्हातारपणाची!"

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुम्हांला मी काय सांगणार ब्रेकमधलं? म्हटलं, मुद्दाम ठेवला असेल."

मास्तर स्वतःच्या विनोदावर हसले. "एक चक्कर मारतो, सूनबाईंना जरा ऐकायला सांगता?" एवढं कानसेनांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पाना उचलला आणि चाक बसवायला घेतलं.

पेडल घट्ट लागेपर्यंत चारपाचदा दाबून त्यांनी गाडी बाहेर काढली. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर दहाबारा वेळा हलक्या पायाने वेग कमी केला, मध्ये ब्रेक निवू दिले. काच खाली करून ऐकलं. काही नाही. पण मागच्या रविवारीही काही ऐकू आलं नव्हतंच.

मग ते सिग्नलकडे वळले. दिवा लाल होता. त्यांनी ब्रेक दाबला आणि किल्लीवाल्याकडे बघितलं. तो किल्ली घासत होता, घासतच राहिला. कानसेनांचा हात स्टिअरिंगवरून अर्धा उचलला गेला होता. त्यांनी तो परत खाली ठेवला. चौकाला वळसा घालून ते पुन्हा आले, पुन्हा थांबले. कोणाचीही मान हलली नाही.

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला.

"झालं काम."

"गेला आवाज? आता ऐकू येत नाही ना?"

"अगं, तेव्हाही येत नव्हता."

"मग गेला हे कशावरून?"

"कोणी वळून बघितलं नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. का ती हळू काही बोलली, कोण जाणे.

"बाबा," मग तिचा आवाज मोठ्याने आला, "उद्या सव्वानऊची गाडी आहे माझी. या तुम्ही स्टेशनवर, पण सावकाश. परत येताना मी चालवते. आणि सोमवारी रजा टाकते, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"बरं."

ते खाली उतरले. बाजूच्या सीटवर आठवडाभराची धूळ होती. ती त्यांनी फडक्याने झटकली, सीट मागे सरकवली आणि बसून पाहिलं. समोरची भिंत तीच, पण या बाजूने जवळ वाटत होती. उजवा पाय आपोआप पुढे सरकला आणि दाबला गेला. खाली नुसती चटई होती.