गोड पाण्याचं सर्टिफिकेट

रामकिसन पाटलाला माणसांशी बोलायला शिकायची गरज आहे, असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कुणाची टापच नव्हती. वडीगोद्रीच्या पलीकडं ओढ्याकाठी त्याचा मळा होता, मळ्यात उंबराखाली बारमाही विहीर होती, आणि बायको द्वारकाबाई धरून सगळ्यांशी बोलायची त्याची एकच रीत होती, ती म्हणजे ओरडणं. तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामं निघाली. पाझर तलावावर लमाण, बौद्ध, मुसलमान, मराठे एकाच मातीत खपू लागले आणि रोज कुणाचं ना कुणाशी वाजू लागलं. तेव्हा वरून ठरलं, की सगळ्या समाजांशी नीट बोलता येतं असं सर्टिफिकेट ज्याच्याजवळ असेल, त्यालाच पर्यवेक्षक नेमायचं. पर्यवेक्षक म्हणजे जीपमध्ये पुढं बसणार, आणि शेकडो माणसं सकाळी उठून त्याला रामराम घालणार. रामकिसनच्या तोंडाला पाणी सुटलं.

तसं सर्टिफिकेट देणारी पुण्याची एक संस्था जुन्या जालन्यात येऊन बसलीच होती. धान्याच्या आडतीवरच्या माडीत वर्ग, आठवडाभर राहणं, दुपारचं जेवण, आणि फी एवढी कमी, की तेवढ्यात बैलाची वेसणसुद्धा आली नसती. इतक्या स्वस्तातलं शिक्षण, त्यात काय दम असणार, असं रामकिसन जाताना म्हणाला. शिक्षणात दम होता की नव्हता ते देव जाणे, विद्यार्थ्यात नव्हता एवढं खरं.

शिकवायला करमरकर सर होते. धुवट खादी, आणि दुसऱ्याच्या दुःखानं कायमचा ओलावलेला आवाज. बौद्धवस्तीत कसं बसावं हे ते फळ्यावर चित्र काढून दाखवत. 'तुमचे लोक' म्हणायचं नाही. बाईला ताई म्हणायचं. जमिनीवर बसायचं. पाणी दिलं तर तांब्या वर धरून घशात ओतायचं नाही, ओठ लावून प्यायचं आणि शेवटचा थेंब संपवायचा. मग सराव. रामकिसन एका कापडदुकानदाराला 'ताई' म्हणायचा आणि तो मिशाळ गृहस्थ लाजून मान खाली घालायचा. लेकरांच्या भातुकलीत याहून जास्त अक्कल असते.

जेवताना रामकिसन गिलासातलं पाणी तोंडात घोळवायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"ह्याला काय पानी म्हनायचं, सर? आमच्या हिरीचं पिऊन बघा. उंबराच्या मुळ्यांतून येतं, बिलकुल खडीसाखर. तालुक्यात तसली चव न्हाई."

सरांनी कौतुकानं ऐकलं. ते पाणी कुणाकुणाला पिऊ देता, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. फळ्यावर तो प्रश्न नव्हता. विचारलं असतं तर कळलं असतं, की मळ्यापासून दोन शेतं ओलांडली की बौद्धवस्ती आहे, तिथल्या बाया ओढ्यात झिरा खणून मचूळ पाणी गाळून पितात, आणि त्यांतलीच मालनबाई चार बायांना घेऊन विहिरीचं पाणी मागायला आली तेव्हा रामकिसननं वाटेवर बाभळीचे काटे टाकून घेतले होते.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. त्यात जो पहिला येईल, त्याच्या नावाची शिफारस जाणार होती. सर म्हणाले, "रामकिसनरावांच्याच गावच्या बौद्धवस्तीत जाऊ." रामकिसनला घाम फुटला. मग त्यानं हिशेब केला, एक तांब्या तर प्यायचा. घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ केली की झालं. पाण्यानं बाटायचं आणि पाण्यानंच शुद्ध व्हायचं, असा त्याचा धर्म मोठा सोयीचा होता.

मालनबाईच्या अंगणात गोधडी अंथरलेली होती. रामकिसन ती बाजूला सारून जमिनीवर बसला, कारण शिकवलं तसं होतं.

"काय मालन, बरं हाय का?"

"ताई," सर हळूच म्हणाले.

"ताई," रामकिसन म्हणाला. भाकरीत खडा लागावा तसं त्याचं तोंड झालं.

मालनबाईनं तांब्या पुढं केला. त्यानं डोळे मिटून ओठ लावले, आणि पहिल्याच घोटाला डोळे उघडले. पाणी गोड होतं. दुसरा घोट घेतला. शंकाच नको, ही चव त्यानं झोपेतसुद्धा ओळखली असती.

त्याची मान तापली. ठेवणीतली शिवी जिभेच्या टोकावर आली. तांब्याच्या काठावरून त्यानं पाहिलं, तर मालनबाई त्याच्याकडंच बघत होती आणि तिच्यामागं वस्तीतल्या साऱ्या बाया उभ्या होत्या. चोरी म्हणून ओरडावं तर जीप गेली. गप्प बसावं तर विहीर गेली. तोंडातला घोट ना गिळवे, ना थुंकवे.

"कसं आहे पाणी?" सरांनी विचारलं.

त्यानं घोट गिळला. जीप जिंकली. "गोड हाय."

"गोड असनारच," मालनबाई म्हणाली. "ह्यायच्याच हिरीचं हाय. पाटील जालन्याला शिकायला गेल्ते ना, तवापासून आमी तिथंच भरून राह्यलो. पाटलीनबाईनं सोता काटे सारले."

आठवडाभर घरात ओरडा नव्हता, तर द्वारकाबाईनं हे केलं होतं.

सरांचे डोळे भरून आले. "रामकिसनराव, वर्गाला निघतानाच विहीर मोकळी करून आलात? आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत?" ते इतरांकडं वळले. "याला विनय म्हणतात. लिहून घ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कापडदुकानदारानं जास्तच जोरात.

"मानुसकी हाय, सर," रामकिसन म्हणाला. खोटं बोलायला त्याला वर्ग लावावा लागला नव्हता. शेवटचा थेंब संपवून त्यानं तांब्या पालथा करून दाखवला. पहिला नंबर त्याचाच आला. उद्या सकाळी नेमणूक करणाऱ्या साहेबांना जीपमधून विहीर दाखवायला आणतो, असं सांगून सर गेले.

सकाळी रामकिसन इस्तरीचा सदरा घालून विहिरीवर उभा होता. द्वारकाबाई रहाटाजवळ होती. मालनबाई आणि बाया घागरी घेऊन सरळ मधल्या वाटेनं आल्या. रामकिसननं रस्त्याकडं पाहिलं. अजून कुणी नव्हतं.

"ए मालन," तो दात खाऊन म्हणाला, "झालं तेवढं लय झालं. चला, निघा जल्दी."

मालनबाईनं घागर कठड्यावर ठेवली. द्वारकाबाईनं नवऱ्याकडं न बघता दोर तिच्या हातात दिला. तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. सर पुढं बसून हात हलवत होते.

"ताई म्हना," मालनबाई म्हणाली. "शिकवलंय ना तुमाला?"

रामकिसनच्या ओठांतून काहीतरी पुटपुटल्यासारखं निघालं.

"जरा मोठ्यानं," पोहरा विहिरीत सोडत ती म्हणाली. "जीपीत आइकू गेलं पायजे."

रामकिसन मोठ्यानं म्हणाला.