हप्त्यावरचं दान

दान करावं तर आमच्या ह्यांनी, आणि हप्ते थकवावेत तर तेही आमच्या ह्यांनीच.

हे म्हणजे माधवराव. लातूरला बायॉलॉजीचे क्लासेस घेतात. भूकंपाला दहा वर्षं झाली त्या सप्टेंबरात त्यांनी औसा रोडवरच्या मुलींच्या वसतिगृहाला आपली मिनीबस दिली. तिथल्या बहुतेक पोरींचे आईबाप त्या पहाटे गेलेले. माझ्या सासूबाई, पार्वतीबाई, त्याही त्याच पहाटे गेल्या. त्यामुळं देणं मनापासूनचं होतं, ते मी नाकारत नाही. मांडव घातला, थर्माकोलची हातभर किल्ली केली, ह्यांना बोलता बोलता रडू आलं.

पण गाडी नांदेडच्या एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतलेली. छत्तीसातले जेमतेम दहा हप्ते फिटलेले. कंपनीला विचारल्याशिवाय ती कुणाला देता येत नाही, हे मी बोलले होते. "हप्ते मीच भरणार, त्यांना कशाला कळवायचं?" म्हणाले. वर दोन्ही बाजूंनी वीतभर अक्षरांत रंगवून घेतलं, 'कै. पार्वतीबाई यांच्या स्मरणार्थ, माधव क्लासेस, लातूर'. आपल्याकडं देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतात. ही तर गाडी होती. औशापासून लातूरपर्यंत शेंबडं पोर तिला ओळखायचं.

जानेवारीत आमच्याच क्लासमधले केमिस्ट्रीचे सर अर्धी बॅच घेऊन समोरच्या गल्लीत गेले आणि आमचे हप्ते थांबले. नोटिसा आल्या की हे न फोडता गादीखाली सारायचे.

मे महिन्यात, सीईटीच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराला फायनान्स कंपनीची वसुलीची दोन माणसं दारात आली. त्यातला सिद्धलिंग नावाचा देगलूरकडचा. त्यानं आधी पाणी मागितलं.

"सर हायत का, बाई?"

"क्लासला गेलेत."

"गाडी वसतिगृहात हाय, ठाव हाय आमाला. नावच लिवलंय की तिच्यावर. हुडकायची बी गरज पडली न्हाई."

"मग इथं कशाला आलात?"

"सांगून जावं म्हनलं. कुनाच्या आवारात शिरत न्हाई आमी. रस्त्यावर धरताव, मानसं खाली उतरवताव अन् किल्ली घेताव. परवा सकाळी निघनार हाय म्हनं ती."

पाण्याचा तांब्या नीट खाली ठेवून दोघं गेले. परवा म्हणजे सीईटी. चौदा पोरी हॉलतिकिटं घेऊन त्या गाडीत बसणार होत्या, आणि ही माणसं त्यांना भर उन्हात रस्त्यात उतरवणार होती. सहा-सात वर्षांच्या असताना एकदा त्या रस्त्यावर आल्याच होत्या.

हे दुपारी जेवायला आले. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता वसतिगृहात जाऊन सांगा."

"काय सांगू? दिलेलं दान परत चाललंय म्हणून? लोक तोंडात शेण घालतील. ड्रायव्हरला सांगतो, आडवाटेनं आण."

"आईंचं नाव घेऊन आडवाटेनं?"

ते ओरडले. मग म्हणाले, "तू जाऊन सांगितलंस तर तुला माझी शपथ आहे." कालवलेला भात तसाच टाकून ते ताटावरून उठले. माझ्यापेक्षा तेच जास्त भ्यालेत, हे तेव्हा मला कळलं.

शपथ मोडली तर नवऱ्याचं वाईट होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी घरातच फिरत राहिले. शेवटी देवापुढं हात जोडले, काय शिक्षा द्यायची ती मला दे म्हणाले आणि काळ्यापिवळीत बसून वसतिगृह गाठलं.

वसतिगृह चालवतात त्या उमादेवी. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "व्यंकटी, उद्या पोरींना घेऊन मी यष्टीनं जाते. तू रिकामी गाडी काड अन् ते लोकं भेटले की किल्ली देऊन टाक. आपली न्हाई ती."

मला एक शब्द लागेलसा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परीक्षेच्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. अक्का सेंटरजवळच्या बूथवरून बोलत होत्या. "चौदाच्या चौदा आत बसल्या, वहिनी. गाडी नेली त्यांनी. व्यंकटी चालत आला."

मला रडू फुटलं. देवानं ऐकलं, असं म्हणणार होते.

"एक विचारू का?" अक्का म्हणाल्या. "पाडव्याला सरांनी आमाला नव्या इमारतीसाठी जागा दिली. पाया खणून झालाय. आपलं पक्कं घर व्हनार म्हणून पोरी रोज बघून येतात. ती जागा तरी मोकळी हाय ना?"

फेब्रुवारीत ह्यांनी मला बँकेत नेलं होतं. बोट ठेवतील तिथं मी सह्या केल्या होत्या. जागेचेच कागद होते. पाडव्याच्या टाळ्यांत मी ते विसरले, की आठवायला घाबरले, मलाच ठाऊक नाही.

हे आत दाढी करत होते. माझा चेहरा बघून अर्ध्या साबणानिशी बाहेर आले. काय विचारलं असेल ते त्यांना बरोबर कळलं. माझ्याकडं बघून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. नको, नको.

"नाही अक्का," मी म्हणाले. "तीही बँकेकडं गहाण आहे."

हे तिथंच उंबऱ्यावर बसले.



"पेपर सुटेपर्यंत पोरींना सांगत न्हाई मी," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.