काशीच्या टाचेतली जाळी

मी एक जुनी जाळी आहे. जुनी म्हणजे उणीपुरी दीड वर्षांची. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपणच! मासे धरायची किंवा खिडकीला लावायची जाळी मी नव्हे. मी बोटभर लांबीची, पांढरी, मऊ पट्टी. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पलीकडच्या गावी राहणाऱ्या काशीच्या टाचेत माझा मुक्काम आहे.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. तिथे पाकासारख्या दाट द्रवाचा थेंब विजेच्या जोरावर ओढून केसाहून बारीक धागे काढतात. माझे सगळे धागे एकाच दिशेने बसवले. पोटरीला टाचेशी बांधणारी जी शीर असते, तिचे तंतूही तसेच धावतात ना! डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. ती तुटली, की माणसाला चवड्यावर उभंसुद्धा राहता येत नाही.

काशीची ती शीर तुटली गवतकापणीच्या दिवसांत. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिने ओहळावरून उडी मारली आणि टाचेमागे काड्कन वाजलं. ती गर्रकन वळली. मागून तिचा नवरा वाळू येत होता.

“का वो, धोंडा का मारलात?”

“मी कशाला मारू गो? हातात विळा हाय निसता!”

बिचाऱ्याने शपथा घेतल्या, पण काशीने अबोला धरला तो धरलाच. ही शीर तुटताना मागून दगड बसल्यासारखंच वाटतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाय मुरगळला असेल म्हणून ती निरगुडीच्या पाल्याने शेकत बसली. तोवर शिरेची तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर सरकली. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी खरं कारण सांगितलं, तेव्हा काशी नवऱ्याकडे बघून ओशाळं हसली.

टोकं जुळेनात, म्हणून मध्ये माझी नेमणूक झाली. डॉक्टरीणबाईंनी मला काशीसमोर धरलं. “ही जाळी म्हणजे काकडीच्या वेलाला मांडव. हिच्या आधाराने तुमची शीर पुन्हा वाढेल. मग जाळी हळूहळू विरून जाईल.”

“मांडव गेला तर वेल पडंल ना, बाई?”

“तोवर वेलाचं खोड झालेलं असेल. पण घाई करायची नाही. यंदा चिखलात उतरायचं नाही.”

विरून जाईल! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण टाके पडले, आणि थोड्याच दिवसांत काशीच्या शरीरातल्या इवल्या पेशी माझ्या धाग्यांवरून सरसर निघाल्या. कुणी इकडे तंतू विणतंय, कुणी तिकडे. दिवसभर नुसती लगबग! मला गुदगुल्या व्हायच्या. घरात सगळे काशीच्या पायाचं कौतुक करत, माझं नाव कुणी काढत नसे. असू दे.

मग आवणीचे, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचे दिवस आले. आमच्याकडे भाताची आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. वाळूच्या शेतातली आवणी शेजाऱ्यांनी आटोपून दिली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईजाच्या शेतात पाळी होती. काशीला घरात बसवेना. आपण गेलो नाही तर लोक काय म्हणतील, आणि पुढच्या वर्षी आपल्याला सावडीत धरतील का, याच विचाराने ती हैराण. वाळू पुढे गेलेला पाहून ती काठी टेकत निघाली आणि थेट चिखलात उतरली.

मित्रांनो, चिखलात पाय घालणं सोपं, काढणं अवघड. तिने टाच उपसली आणि मी ताणले गेले. माझे निम्मे धागे विरले होते. नवी शीर अजून कोवळी होती. आता तुटते की काय, म्हणून मी घाबरले. जेवढे धागे उरले होते, तेवढ्यांनिशी दोन्ही टोकं घट्ट धरून राहिले.

काशी कळवळली. ते बाईजाने पाहिलं.

“काशे, बाहेर ये आधी! मरायचं हाय का?”

“तुमी आमच्याकडं आलात, मी कशी घरी बसू?”

“घरी बस कोन बोलला? त्या रोपांच्या खाचरात बसून रोपं खण. सावड हातांनी फिटते, टाच कोन मागतो तुझी?”

काशीला रडूच फुटलं. वाळूने तिला हात देऊन बाहेर काढलं. मग दिवसभर ती तिथे लाकडी पाटावर बसून रोपं उपटत, त्यांच्या मुठी बांधत राहिली. एवढं समाधान तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं, आणि मलाही.

आता माझे चारदोन धागे उरलेत, म्हणून जाता जाता एक मागणं मागते. दुखणारा पाय नुसता शेकत बसू नका, वेळेवर दाखवा. बरा होऊ लागला, की त्याला सवड द्या. आणि तुमच्यातलं कुणी लंगडत असेल, तर त्याला बसून करता येईल असं काम काढून द्या. घरी मात्र बसवू नका.

परवा काशी यंदाच्या आवणीला चिखलात उतरली. पाय खोल रुतला. तिने टाच उपसली, तशी मी सवयीने अंग आवळून ताणाची वाट पाहत राहिले. तोवर ती एक पाऊल मागे सरकून पुढचं रोप लावायला वाकलीसुद्धा. माझ्यापर्यंत काही आलंच नव्हतं.