वीतभर अंतरावरचं ओके

माझे बाबा मित्रांबरोबर गोल्फ खेळतात, तेव्हा भोकाजवळ थांबलेल्या चेंडूला लगेच ‘ओके’ म्हणतात. म्हणजे गेला असं धरलं, उचल. आमच्या सुनचनमध्ये, खरं तर अख्ख्या कोरियात, सगळे असेच खेळतात. मला मात्र त्यांनी तीन वर्षांत एकदाही ओके दिलं नाही.

"स्पर्धेत काय तुझी मावशी उभी असणारे ओके म्हणायला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सरावासाठी मी रोज दुपारीच शाळेतून निघते. वर्गातल्या मुलींना माझं नावही धड आठवत नाही. डबा मी गाडीतच खाते.

शनिवारी निवड स्पर्धेत, अगदी शेवटच्या भोकाशी, माझा चेंडू वीतभर अंतरावर थांबला. शेजारी माझी प्रतिस्पर्धी उनचे उभी होती. दोन वर्षं आम्ही एकाच मैदानावर सराव करतोय, पण ती माझ्याशी कधी चकार शब्द बोललेली नाही. ती हळूच म्हणाली, "ओके."

मला इतकं बरं वाटलं की मी हसून "थँक्यू" म्हटलं आणि चेंडू उचलला.

ती तिची बॅग सांभाळणाऱ्या कॅडीशी बोलत होती.

मला एका फटक्याचा दंड बसला आणि त्या एका फटक्यानेच माझी निवड हुकली.

गाडीत बाबांनी किंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा माझ्या मांडीवर ठेवला. गाडी सुरू करत म्हणाले, "सोरिन, अगं, मी तुला जन्मात कधी ओके दिलं नाही. तरी उचललास कसा?"

"म्हणूनच," मी म्हटलं.