तबावाच्या मांडीवर

आमच्यात पहिल्या अपत्याचे नाव आई तोंडाने घेत नाही. त्याला चारचौघांत मांडीवर घ्यायचे नाही, गोंजारायचे नाही. माझी मुलगी लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली, तरी मी हे पाळले. आणि माझी सवत तबावा, माझ्याच मुलीला मांडीवर घेऊन अंगणाच्या मधोमध बसायची.

धुळीचे दिवस आले की पोरीच्या डोळ्यांना खाज सुटे. मुठी वळून ती डोळे असे रगडायची, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. तबावा तिचे हात धरी, माठातल्या पाण्याची पट्टी ठेवी, दवाखान्यातले थेंब घाली. पोर गप्प पडून राही. मी उखळात बाजरी कांडत ते बघे आणि मुसळ जरा जास्तच जोराने हाणी.

"अक्का, त्या बाजरीनं तुमचं काय घोडं मारलंय?" ती हसून विचारी.

"तू तुझी मांडी सांभाळ," मी म्हणे. "स्वतःचं झालं म्हणजे कळेल."

हे तिला लागायचे. मला बरे वाटायचे.

पोर सात वर्षांची असताना तबावा बहिणीच्या बाळाच्या बारशाला माहेरी निघाली. थेंबांची नवी बाटली माझ्या हातात दिली.

"आठ दिवसांचा प्रश्न आहे, अक्का. दिवसातून चार वेळा घाला. आणि चोळू देऊ नका. चोळून चोळून बुबुळाचा आकार बिघडतो म्हणे."

"माझ्या पोरीचं मला शिकवतेस?"

बाटली मी कणगीवर ठेवून दिली. तिच्या औषधाने पोर बरी झाली, तर पोर तिचीच झाली, असे मला वाटले. शिवाय सासू ओसरीवर बसलेली. तिच्यादेखत पहिल्या लेकराचे तोंड हातात कसे धरायचे? पोर दिवसभर डोळे रगडत होती. मी कांडत होते.

तबावा परतली तेव्हा पोरीच्या डाव्या बुबुळावर पांढरे धुके चढले होते. तिने कणगीवरची बाटली पाहिली. भरलेलीच होती. तिने पोरीचे दोन्ही हात धरले.

कत्सिना शहरातल्या दवाखान्यात सासूही आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे आलंय, आतून फाटून पाणी शिरलंय. ह्याला डाग राहणार. उजवा वाचेल, पण तिचे हात कुणीतरी धरायला हवेत. थेंब कोण घालतं?"

तबावाने मान खाली घातली. ती एक शब्द बोलली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिचा तो चांगुलपणाही मला खुपला.

"आठ दिवस मी घातलेच नाहीत," मी म्हणाले. "आता मी घालीन."

"मुलीचं नाव?" डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारले.

सासूने ओढणी तोंडावर ओढली. सगळे तबावाकडे बघू लागले. नाव नेहमी तीच सांगे.

"लादिदी," मी म्हणाले.

पोरीने चमकून मान वळवली, ती तबावाकडे. हाक तिकडूनच येते, एवढेच तिला ठाऊक होते.

मी पुन्हा हाक मारली आणि डोळ्याकडे निघालेली तिची मूठ धरली.