रिकाम्या हॉलमधली झुंज

मास्तरांनी शेवटची गादी भिंतीला टेकवून उभी केली आणि दोन पावलं मागे सरून हॉल न्याहाळला. सोफा गेला होता, कपाटं गेली होती. तिन्ही भिंतींना गाद्या, दारात आडवी लावलेली जाड प्लायवूडची फळी आणि मधे मोकळी फरशी. एवढं ऐसपैस रिंगण या घरात कधीच मिळालं नव्हतं.

"फरशी फुटली तर?" त्यांनी विचारलं.

"नवे मालक सगळी उखडूनच टाकणार आहेत." फळीमागे मांडी घालून बसलेली बायको खेकड्याची बॅटरी जोडत होती. "एकच डाव. सकाळी कॉलेजची मुलं आली की हे दोघे त्यांचे."

यंत्रं मुलांना देऊन टाकायची कल्पना मास्तरांचीच. नवं घर लहान आहे, म्हणाले होते.

खेकडा तिचा, भोवरा त्यांचा; दोन्ही रिमोटवर चालणारी, झुंजीसाठी बनवलेली यंत्रं. खेकडा जमिनीला चिकटून चालायचा. पुढच्या दोन आकड्यांनी समोरच्याच्या पोटाखाली शिरून त्याला उताणं पाडायचं, एवढाच त्याचा धंदा. भोवऱ्याच्या डोक्यावर पोलादी पातं गरगरायचं आणि वाटेत येईल त्याचे टवके उडायचे.

शाळेत भूगोल शिकवता शिकवता मास्तरांना यंत्रांच्या झुंजी बघायचं वेड लागलं, तेव्हा ते अगदी तरुण होते. बघून भागेना म्हणून स्वतःच एक यंत्र बनवलं. पहिल्याच स्पर्धेत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका मुलीने ते उताणं पाडलं. निखळलेलं चाकही तिनेच प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालून शोधून आणलं. "पुढच्या वेळी स्क्रू नीट आवळा," म्हणाली. मास्तरांनी स्क्रू आवळले, पण ती मुलगी काही डोक्यातून जाईना. लग्नानंतर दर रविवारी याच हॉलमध्ये सोफा ढकलून झुंज व्हायची आणि हरेल त्याने चहा करायचा. मास्तरांच्या चहाला चव आली ती अशी.

पुढे कधीतरी ते रविवार बंद पडले. पात्याला पहिल्यासारखा जोर राहिला नाही, असं मास्तर सांगायचे. खरं तर त्यांच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटायला लागला होता. बायकोने कधी विचारलं नाही. फक्त घरातले कप बदलले. मोठ्या कानाचे आणले.

"तयार?" तिने विचारलं.

भोवरा घरघरला. रिमोटवर मास्तरांचा अंगठा थरथरत होता आणि तिकडे फरशीवर भोवराही तसाच अडखळत चालला होता. खेकडा आला, शेजारून गेला, पुन्हा आला. एकदा तर भोवऱ्याच्या पुढ्यात नुसताच थांबला. पातं लागलं आणि तो गडगडत गादीवर जाऊन आदळला.

"जिंकलात," बायको म्हणाली.

मास्तरांनी रिमोट खाली ठेवला. तेवढ्यात बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. जिना चढून धाप लागली होती.

"आवाजाचा त्रास झाला का, मावशी?" बायकोने घाईने विचारलं. "आजच्या दिवसच हो."

"त्रास कसला? घरघर ऐकली म्हणून तर धावत आले." त्या फळीमागच्या एका खोक्यावर टेकल्या. "इतकी वर्षं रविवारी पडल्या पडल्या ऐकत होते. शेवटी स्वयंपाकघराकडे कोणाची पावलं गेली, त्यावरून कोण हरलं ते कळायचं. मग एकदम सगळं बंद झालं. मला वाटलं, तुमचं काही बिनसलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "पण आत्ताची झुंज काही खरी वाटली नाही बाई."

बायकोने मान खाली घातली.

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "खालीसुद्धा कळतं." त्यांनी भोवरा पुन्हा मधोमध ठेवला. "परत होऊ दे. आणि माझी कीव नको करूस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग साडीचा पदर कमरेला खोचला.

या खेपेला खेकडा सरळ अंगावरच आला. मास्तरांचा अंगठा थरथरला, पण भोवऱ्याने वळण घेतलं आणि ठिणगी उडवत खेकड्याचा एक आकडा तोडला. "शाब्बास!" मावशी ओरडल्या. त्यांचं ओरडणं संपायच्या आत उरलेला आकडा भोवऱ्याच्या पोटाखाली गेला होता. भोवरा उडाला, आपटला, उताणा पडला. डाव तिथेच संपला होता. पण खेकडा थांबला नाही. त्याने पडलेल्याला पुन्हा उचलून आपटलं, आणि मग पुन्हा एकदा. एक चाक गाद्यांमागे गेलं, पातं आसातून निसटलं.

"अगं, पुरे! मेला तो!" मावशी म्हणाल्या.

मास्तर हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फळी ओलांडून ते फरशीवर बसले आणि एकेक तुकडा रुमालात गोळा करू लागले.

"पार चुराडा केलास की गं. असा मुलांना कसा द्यायचा?"

"नाहीच देता येणार." ती खेकड्याची बॅटरी काढत होती. मान वर केली नाही. "दुरुस्त करावा लागेल. बरेच दिवस जातील त्यात."

"आणि खेकडा?"

"तो एकटा जाऊन कोणाशी खेळणार?"

मास्तरांनी रुमालाला गाठ मारली. मग उठले, दोरीने बांधून रचून ठेवलेल्या खोक्यांपाशी गेले आणि हत्यारांचं खोकं कुठलं ते शोधू लागले.