घोकलेली उत्तरं

"काय झालं?" असं विचारावं आणि "काही नाही" असं उत्तर यावं, हा संवाद कोणत्या घरात होत नाही, सांगा बरं! या गोष्टीतल्या घरात तो दर शनिवारी संध्याकाळी ठरलेला.

शाळेच्या मुलींच्या रग्बी संघात खेळणारी लेक सामन्याहून आली, की खोलीचे पडदे ओढून घ्यायची. भांड्याला भांडं लागलं तरी खेकसायची. एरवी ती बडबडून घर डोक्यावर घेई; मैत्रिणींनी तिचं नाव 'तोफ' ठेवलं होतं ते काही उगाच नव्हे. "वयच तसं आहे," आई म्हणायची. बाबांना काही ते पटेना. बाबा फ्रिज दुरुस्त करायचे. थंड न होणाऱ्या फ्रिजला 'वयच तसं आहे' म्हणून सोडून दिलं असतं, तर त्यांच्या दुकानाला केव्हाच टाळं लागलं असतं! आणि हे वय फक्त सामन्याच्याच दिवशी कसं येतं, हा किडा त्यांच्या डोक्यात वळवळू लागला.

पुढच्या शनिवारी ते दुकान बंद करून मैदानावर गेले. खेळ त्यांना कळला तो एवढाच, की लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरचीने कंबरेला मिठी मारून पाडायचं. त्यांचं कुतूहल चाळवलं ते वेगळ्याच गोष्टीने. सामन्याआधी मुली गोल करून, डोकी आत घालून काहीतरी पुटपुटत होत्या. बाबा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने जवळ सरकले.

"शाळेचं मैदान. मागचा सामना कालव्यापलीकडच्या शाळेशी. आपण जिंकलो." हेच पुन्हा पुन्हा!

"ही कसली प्रार्थना गं?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

"आमचं गुपित आहे, बाबा," तोफ म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

उपांत्य सामन्याला बाबांनी घरातला सगळा प्रकार सांगून आपल्या थोरल्या बहिणीलाही नेलं. तोफेची ही आत्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. डोक्याला मार लागलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

सामना रंगला. शाळेचा संघ थोडासा पुढे होता, आणि हा सामना जिंकला की अंतिम फेरी! एवढ्यात चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलीला तोफेने अडवलं आणि तिचा गुडघा तोफेच्या कानशिलावर बसला. खेळ थांबला. क्रीडाशिक्षक धावले, त्यांच्यामागे बाबा आणि आत्या. सरांचा नियम होता, डोक्याला लागलं की तीन प्रश्न. उत्तरं बरोबर आली तरच पुढे खेळायचं.

"बाळ, आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"नगरपालिकेचं मैदान, मागचा सामना टेकडीवरच्या शाळेशी, आपण जिंकलो!" तोफेने एका दमात सांगून टाकलं.

सर खूश झाले. "बघा, एकदम ठणठणीत!"

बाबा मात्र चपापले. "पण सर, तुम्ही तर एकच प्रश्न विचारला होता!"

आत्या गुडघ्यांवर बसली. "तोफे, आज सकाळी माझ्याशी कशावरून भांडलीस?"

तोफेने आत्याकडे पाहिलं, मग मैत्रिणींकडे पाहिलं, कुणीतरी उत्तर सांगेल म्हणून. मैत्रिणींनी माना खाली घातल्या.

"पहिल्या सामन्यात आमच्यातल्या एकीला उत्तरं आली नाहीत, म्हणून ती बाहेर बसली आणि आम्ही हरलो," कप्तान रडवेली होऊन म्हणाली. "तेव्हापासून आम्ही उत्तरं पाठ करून येतो, सर. आधी दोनदा हिला लागलं, तेव्हाही..."

"म्हणजे माझा पेपर तुम्ही हंगामभर फोडत होतात!" सर मटकन खाली बसले.

"बाबा, मला खेळायचंय," तोफ पुटपुटली. बाबांचं मन पाघळलं. "ताई, थोडाच वेळ राहिलाय. वर्षभराची मेहनत आहे गं पोरीची."

"हात मोडला असता तर असं म्हणाला असतास? प्लास्टर दिसतं, म्हणून तिथे सगळे शहाणे! मेंदूला लागलेलं दिसत नाही, म्हणून ते नाहीच का? उजेड नको, आवाज नको, हे वयाचं लक्षण नव्हे रे, आधीच्या माराचं आहे; खेळून दमली की ते उफाळतं. तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. कप पुढच्या वर्षी मिळेल. लेक कुठून आणशील?"

बाबांना आता सगळं उलगडलं. महिनाभर आपण कोडं सोडवत बसलो आणि पोर मात्र आतल्या आत सोसत होती! त्यांनी लेकीला आधार देऊन उठवलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली.

संघ कसाबसा अंतिम फेरीत पोचला. त्या दिवशी तोफ बाहेर बाबांशेजारी बसली होती, तोंड एवढंसं करून. सरांनी मुलींना बजावलं होतं, "आता काय विचारीन ते मलाच ठाऊक नाही!" पण विचारायची वेळच आली नाही. सामना बरोबरीत असताना कप्तान डोक्यावर आपटली. उठली. "पळ, पळ!" पालक ओरडले. ती दोन पावलं झोकांडली, आणि मग तिने स्वतःच हात वर केला.

"सर, मला दोन-दोन चेंडू दिसतायत. मी बाहेर येते."

"भित्री कुठली!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाबा गर्रकन वळले. "भित्री? अहो, एवढ्या लोकांसमोर खरं बोलली ती! तुम्हा-आम्हाला जमलं असतं?" आणि ते एकटेच टाळ्या वाजवू लागले. मग आत्या, मग सर आणि हळूहळू अख्खं मैदान! तोफेने पुढे होऊन कप्तानला आपल्या जागी बसवलं.

संघ हरला. मुली ढसाढसा रडल्या, पण सगळ्या आपल्या पायांनी घरी गेल्या.

वाचकहो, दुखणं गिळणाऱ्याला आपण शूर म्हणतो आणि सांगणाऱ्याला रडूबाई. मुलं लबाड नसतात. टाळ्या कुठे पडतात ते बघून ती वागायला शिकतात. तेव्हा टाळी जरा जपून वाजवू या!